एँद्युमाती कोण?

इंदुमतीबाईंनी जन्मभर संस्कृत शिकवलं. यंदा विजय नगरातल्या त्यांच्या शाळेने संस्कृत बंद करून फ्रेंच आणली आणि सांगितलं, तिची परीक्षा पास व्हा नि तीच शिकवा, नाहीतर नमस्कार! पन्नाशीला टेकलेल्या बाईंनी कंबर कसली. लेखी झाली. आज तोंडी होती.

"टेन्शन मत ले यार," स्कूटर थांबवत जयेशराव बायकोला म्हणाले. "तू तर श्लोक तोडतेस, हे तर नुसते शब्द आहेत!"

"अहो, श्लोक लिहिलाय तसा वाचतात. इथे अर्धी अक्षरं नुसती शोभेला!"

खोटं नव्हतं. शब्दाचे तुकडे पाडण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण फ्रेंच शब्द उच्चारताना गाडी अडायची. शब्दात आय-एन आणि पुढे व्यंजन आलं की 'इन' नाही, नाकातून 'एँ'. यू दिसला की शिट्टीसारखे ओठ करून 'ई' म्हणायचं. काय एकेक थेरं!

खोलीत उमेदवार बसले होते. परीक्षक फ्रेंच मॅडम दारात आल्या.

"एँद्युमाती!"

कुणीच उठेना. कोण ही बेफिकीर पोरगी, बाईंना वाटलं. मॅडमनी पुन्हा हाक मारली.

"एक बार और, फिर ॲब्सेंट," शिपाई म्हणाला.

बाईंना त्या पोरीचा रागच आला. सवयीने त्यांनी मनात नाव तोडलं. एँ. द्यु. मा. ती. एँ म्हणजे आय-एन, द्यु म्हणजे डी-यू...

"अगं बाई! ही तर मीच!"

पर्स पडली, चष्मा घसरला, पण तिसऱ्या हाकेआधी बाई दारात होत्या.

मॅडमनी ओशाळून फ्रेंचमध्येच विचारलं, नाव चुकलं का? बाईंना एकदम वर्ग आठवला.

"इं. दु. म. ती. म्हणा."

"एँ..."

"एँ नाही, इं! पुन्हा."

चौथ्या खेपेला मॅडमना जमलं आणि दोघी खळखळून हसल्या. बाईंची भीती कुठच्या कुठे पळाली. मग त्यांनी उतारा असा वाचला, की मॅडमनी निकाल तिथेच सांगितला.

बाहेर येताना बाईंना इतकं हलकं वाटत होतं, की डोळे भरून आले.

"इंदू! काय झालं?" जयेशराव धावत आले.

बाईंनी मागे वळून पाहिलं.

"कुणाला हाक मारताय? फ्रेंचच्या बाई आहोत आम्ही. एँद्यु म्हणा!"