अळीचा दाखला

निळा टूथब्रश. सफरचंदं घासायचा. त्याने दात घासू नयेत.

हिमोग्लोबिन साडेआठ. गेल्या महिन्यात दहा.

फ्लॉवरमध्ये अळी, जिवंत. नवरा हरखलेला.

द्राक्षं तासभर सोड्याच्या पाण्यात. मग मिठाच्या. मग कचऱ्यात.

सातवा महिना. भूक माझी.

नीट सांगते. माझा नवरा लिफ्ट तपासतो. दोर तुटणारच, हे धरून चालणारा माणूस. मला दिवस गेले तशी त्याने फ्रिजवर यादी चिकटवली. लाल शाईत पालक, द्राक्षं, सफरचंद, मिरची. यांवर फवारणीचं औषध फार. हिरव्या शाईत कांदा, कोबी. हिरवी यादी आकसत गेली, शेवटी तीन आठवडे मी नुसता कोबी खाल्ला. रक्त आणखी उतरलं तर दवाखान्यात भरती व्हावं लागेल, असं डॉक्टरीणबाई गेल्या आठवड्यात म्हणाल्या.

"मग पालक आणतो," तो म्हणाला. "पण भोकं पडलेला. अळीने खाल्लाय म्हणजे औषध नाही. अळी खोटं बोलत नाही."

आणली ती जुडी नव्हती, चाळण होती. मी देठ चावत बसले.

आज मीच बाजारात गेले. भाजीवाल्या मावशी हसल्या. "लिफ्टवाल्याची बायको ना तू? त्याच्यासाठी टाकाऊ जुड्या बाजूला काढून ठेवते. फार चोखंदळ गिऱ्हाईक गं."

"भोकं म्हणजे फवारलेलं नाही ना, मावशी?"

"अगं, अळी दिसल्याशिवाय फवारतंय कोण? भोकं आधी, औषध नंतर. माझ्या भावाचाच मळा आहे. पान कुरतडलेलं दिसलं की पंप पाठीवर."

कपाळावर हात मारून घ्यायचंही त्राण नव्हतं. धडधाकट पानांची जुडी घेतली. द्राक्षंही घेतली.

संध्याकाळी तो आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात स्टुलावर.

"हे काय खातेस?"

"द्राक्षं. पालक मघाशीच संपला."

"कशात धुतलीस?"

"नळाखाली."

"किती वेळ?"

"तुझे प्रश्न संपतात त्याच्या निम्मा."

मग मावशींचं बोलणं शब्दाला शब्द ऐकवलं. तो फ्रिजसमोर उभा राहिला, पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे भोकंवालं लाल शाईत घ्यायचं?"

"घे बाबा. आणि तो दुसरा घड इकडे सरकव, माझा हात पोचत नाही."

त्याने घड हातात धरला, उलटासुलटा करून पाहिला. मी हात पुढे करून बसले. शेवटी दिला.

पहिल्या तपासणीलाच डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना सांगितलं होतं, वाहत्या पाण्यात चोळून धुवा आणि सगळं खा.