चौदा मीटरवरची गाठ

चिनात्सुला आलेलं पत्र भिंतीवर लागलं त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं होतं. लावलं तेही कुठे, तर हवेच्या टाक्यांच्या मांडणीशेजारी, जिथे मी एकोणीस वर्षं माझा ओला सूट वाळत घालतो. आमच्या डायव्हिंगच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी, तोकुएबाईंनी, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ते बसवलं.

झालं होतं असं. पाण्यात खोली आणि वेळ दाखवणारा जो कॉम्प्युटर आम्ही मनगटावर बांधतो, त्याला आम्ही नुसतं घड्याळ म्हणतो. चिनात्सुचं घड्याळ बंद पडलं. आम्हा गाइड लोकांना घड्याळाची कंपनी बिघडलेलं किंवा हरवलेलं घड्याळ बदलून देते, फक्त काय झालं ते लिहून पाठवायचं. सगळे एकच लिहितात, 'आपोआप बंद पडलं.' या पोरीनं काय लिहावं? 'बॅटरीचं झाकण लावताना रबरी कड्याखाली माझा केस अडकला, म्हणून पाणी शिरलं. चूक माझी.' कंपनीनं नवं घड्याळ तर दिलंच, वर कुणा साहेबानं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, इतकं खरं लिहिणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नाही म्हणून.

"वाचलंस का रे, इसोझाकी?" तोकुएबाई येता-जाता विचारायच्या.

"तोंडपाठ झालंय."

त्यांचे गुडघे गेले होते. हिवाळ्याच्या आत, पाहुण्यांना डुबकीला नेणारी सकाळची बोट आम्हा दोघांपैकी एकाच्या हाती द्यायची, हे त्यांनी ठरवलं होतं. ज्याच्या हाती सकाळची बोट, दुकान त्याच्या शब्दावर चालतं. एकोणीस वर्षं मी त्या बोटीची वाट बघत होतो, आणि चिनात्सुला येऊन जेमतेम तीन झाली होती. पहिली गाठ मारायलासुद्धा तिला मीच शिकवलं. आता मात्र जो तो म्हणे, चिनात्सुला विचारा. मी जळत होतो. सरळ सांगतो, जळून कोळसा झालो होतो.

म्हटलं, नवं घड्याळ आपल्यालाही हवं. माझं जुनं काही केल्या बिघडेना. मग कंपनीला लिहिलं, 'मोठ्या खडकाजवळ पडलं, समुद्रात आहे.' दुकानातही तेच सांगितलं. आणि निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून पाण्यात उतरलो आणि चौदा मीटरवर, खडकाच्या कपारीत, घड्याळ एका धोंड्याला बांधून आलो. खोल पाण्यात भिरकावून द्यायला हात धजला नाही. दोन हजारांवर डुबक्या त्यानं माझ्याबरोबर मारल्या होत्या.

एक गोष्ट मात्र विसरलो. आमच्या गावात काहीच हरवत नाही. समुद्रात सापडलेली वस्तू धक्क्यावरच्या दोरीला टांगायची, हा इथला रिवाज. एकदा कुणाची तरी कवळी अकरा दिवस तिथे हसत होती.

नवव्या दिवशी नवं घड्याळ आलं. मी ते बांधून गरज नसताना हातवारे करत हिंडत होतो, तेवढ्यात चिनात्सु पाण्यातून वर आली आणि तशीच निथळत मला शेडच्या मागे घेऊन गेली. तिचे ओठ निळे पडले होते. तिनं माझ्या हातात माझं जुनं घड्याळ ठेवलं आणि त्यावर दोरीचा एक तुकडा.

"गाठ तुमची होती," ती हळूच म्हणाली. "मी सोडवलीय. वाळूत सापडलं म्हणून सांगते."

"तुला कुणी सांगितलं होतं शोधायला?"

"कुणी नाही. पण तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत उतरत होते."

तोंड एवढंसं झालं होतं ते हिच्यामुळेच. हे हिला कसं सांगणार?

एवढ्यात काठी टेकत तोकुएबाई आल्या. "अगं, सापडलं? कुठे गं?"

चिनात्सुचे कान लालबुंद झाले. "ते... वाळूत..."

बस, आणखी एक वाक्य, की तीही माझ्यासारखीच होणार होती. मला तेच तर हवं होतं! तिच्या ज्या खरेपणावर मी इतके दिवस जळत होतो, तो ती मोडायला निघाली होती, आणि तोही माझ्यासाठी. मला ते बघवेना.

"वाळूत नाही," मी म्हणालो. "धोंड्याला बांधलं होतं. मीच."

तोकुएबाईंनी नुसता हात पुढे केला. मी नवं घड्याळ काढून दिलं.

"कंपनीला कोण कळवणार?"

"मी."

"सगळं?"

"गाठीसकट."

त्यांनी एप्रनच्या खिशातून बोटीची किल्ली काढली आणि चिनात्सुच्या ओल्या तळहातावर ठेवली. त्या गेल्यावर चिनात्सु माझ्यावरच उखडली. "मी घेत होते ना सांभाळून! कशाला मधे बोललात?"

"तुला नाही जमत गं खोटं बोलायला. कान बघ तुझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बोटीवरून हाक मारली, "इसोझाकी-सान, दोर सोडा!" खुंट्याला मी शिकवलेलीच गाठ होती, अगदी माझ्यासारखी घट्ट. पोटात जळत होतंच, खोटं कशाला बोलू. मी गाठ सोडली आणि तिच्या बोटीत चढलो.