लाभार्थी हवा आहे

क्लबचा इतिहास लिहायचं काम टायरवाल्याच्या गळ्यात पडलं ते त्याचं अक्षर चांगलं म्हणून. अक्कल कुणी तपासली नाही. तपासली असती तर त्याला सेक्रेटरीच केलं नसतं.

सेवा क्लबला पन्नास वर्षं होत होती. अध्यक्ष चष्मेवाले. पुस्तकात काय काय हवं ते त्यांनीच ठरवलं. आजी-माजी अध्यक्षांचे फोटो, मान्यवरांचे संदेश आणि शेवटी एक प्रकरण, 'लाभार्थ्यांचे मनोगत'.

"लाभार्थी किती घेऊ?"

"घ्या हो दहा-बारा. आपल्या कामाला काय तोटा आहे?"

फोटोंची पानं चुटकीसरशी भरली. हार घालणारे आणि घालून घेणारे, दोन्हीकडे तीच टाळकी. टायरवाला स्वतः इतक्या फोटोंत होता की आपलं पोट सालोसाल कसं सुटत गेलं ते त्याला एका बैठकीत बघायला मिळालं. अर्ध्या आयुष्यातल्या सोमवारच्या संध्याकाळी त्याने क्लबला वाहिल्या होत्या. शटर लवकर ओढायचा, पंक्चर गाडी ढकलत आलेल्या माणसाला "उद्या या" म्हणून हाकलायचा आणि समाजसेवेला धावायचा. यात काही विनोद आहे हे या शहाण्याला एकदाही सुचलं नव्हतं.

लाभार्थी शोधायला तो आधी बस स्टँडवर गेला. क्लबने दिलेला सिमेंटचा बाक रिकामा होता आणि शेजारच्या पायरीवर एक म्हातारा अवघडून बसला होता.

"बाबा, बाकावर बसा की."

"तुम्हीच बसून बघा."

टायरवाला बसला, टेकला आणि ताडकन उठला. बाकाच्या पाठीवर देणगीदारांची नावं होती. उठावाची, ठसठशीत, बोटभर जाड.

"कुणी दिलाय ते डोळ्यांनी वाचावं लागत नाही," म्हातारा म्हणाला. "पाठच वाचते. तुमचं आहे का यात नाव?"

"छे छे," टायरवाला म्हणाला आणि आपल्या नावापुढे आडवा उभा राहिला.

तिथून तो शिलाईवालीकडे गेला. तिला क्लबने मशीन दिलं होतं. त्याला दारात बघताच तिने मशीनखालचा पडदा ओढून काढला, दोरा तोडला आणि म्हणाली, "न्या. पण या वेळी लवकर परत करा. गिऱ्हाइकाचे पडदे अर्धे राहिलेत."

"न्यायला नाही आलो, ताई."

"मग? अध्यक्ष बदलले ना? दर नव्या अध्यक्षाला मशीन देतानाचा फोटो लागतो. मशीन तेच, मी तीच. कपडे तेवढे बदलून या, म्हणता."

त्या फोटोंखाली टायरवाल्याने आपल्या सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'क्लबने शेकडो संसार शिवले.'

घरी येऊन तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. बायको भाजी चिरत होती.

"मिळाला का लाभार्थी?"

"अगं, एक तरी असेल की नाही? एक! आमच्यामुळे ज्याचं काही बरं झालं असा? नाहीतर मी एवढी वर्षं काय माती खाल्ली?"

आवाज फाटला त्याचा. बायकोने सुरी खाली ठेवली.

"आहे की. मी आहे."

"तू?"

"मी, चष्मेवाल्यांची बायको आणि तुमच्या क्लबातल्या औषधवाल्यांची बायको. सोमवारी तुम्ही गेलात की त्या दोघी इथे येतात. कुणाला वाढायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. पातेल्यातूनच खातो. मग मी तुमचं भाषण करते."

"माझं?"

तिने खांदे मागे टाकले, नसलेलं पोट पुढे काढलं आणि घसा खाकरला. "'बंधूंनो, सेवा म्हणजे...' इथे तुम्ही पाणी पिता."

हुबेहूब होतं. मेलेलं बरं, इतकं हुबेहूब.

"हसू नका, पण चष्मेवाल्यांच्या बायकोला झोप येत नाही हो. गोळ्या घेते. सोमवारी तेवढी गोळीशिवाय येते म्हणते. लिहा हे."

हे कसं लिहिणार? टायरवाला आठवडाभर फुगून बसला. पुढच्या सोमवारी त्याने नेहमीच्या वेळेला दुकान बंद केलं आणि सरळ घरी येऊन पंख्याखाली आडवा झाला.

"आज मीटिंग नाही?"

"सोडला क्लब. नुसतं ढोंग! आता सोमवारी घरीच."

बायको शाबासकी देईल असं त्याला वाटलं होतं. तिचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात दार ढकलून दोघी हसत आत आल्या आणि त्याला बघून जागीच थिजल्या.

"अगंबाई, भाऊजी घरीच?" औषधवाल्यांच्या बायकोने हातातले पत्ते पाठीमागे लपवले. चष्मेवाल्यांची बायको चप्पल परत पायात सरकवायला लागली.

टायरवाल्याने ती चप्पल बघितली. उठला, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली.

"सेवेला."

चष्मेवाल्यांच्या बायकोने वाट दिली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, आमच्या ह्यांना जरा उशिरा सोडाल?"

"ते माझ्याकडे लागलं, वहिनी."

त्या संध्याकाळी टायरवाल्याने माईक धरला तो सोडलाच नाही. औषधवाले खुर्चीत घोरायला लागले. अध्यक्ष घड्याळ दाखवून थकले आणि शेवटी उठले, तसा तो माईकवरूनच गरजला, "बसा साहेब, मुद्दा आत्ता कुठे सुरू होतोय!"