झोपेची राखण

मुक्ताईची झोप मोडायची नाही, हा सर्जेरावांच्या घरातला एकमेव कायदा होता. मेहनत पैलवानाने करायची आणि त्याची झोप घरच्यांनी सांभाळायची, असं त्यांच्या वस्तादांनी त्यांना शिकवलेलं. स्वतः सर्जेराव जत्रेतल्या नारळाच्या बक्षिसाच्या कुस्तीपुढे कधी सरकले नाहीत. पोरगी मात्र फ्रीस्टाइलच्या बासष्ट किलोत तीनदा देशात पहिली आली, आणि तिच्या झोपेची राखण त्यांनी डोळ्यांत तेल घालून केली. धायरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटची बेल त्यांनी कधीच तोडून टाकली होती. झोपताना तिचा फोन ते पिठाच्या डब्यात ठेवत. पहाटे कुकर लावणाऱ्या शेजारणीशीही त्यांचं एकदा वाजलं होतं.

आता खेळाडू काही भलतंसलतं औषध घेत नाही ना, हे बघायला तपासणीचे लोक न सांगता येतात. त्यांच्यासाठी मुक्ताईने रोजचा एक तास लिहून दिला होता: सकाळी पाच ते सहा, राहत्या घरी. त्या तासात ती सापडली नाही, की एक चूक. वर्षात तीन चुका झाल्या, की दोन वर्षं बंदी. दोन होऊन गेल्या होत्या. एकदा कोल्हापूरहून येताना घाटात गाडी बंद पडली, एकदा शिबिराची बदललेली जागा कळवायची राहिली. तिने वडिलांना, आप्पांना, हे सांगितलं होतं, आप्पांनी ऐकलंही होतं. फक्त तपासणीवाले म्हणजे पांढरा कोट आणि खाली दवाखान्याची गाडी, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. माणूस स्वतःच्या कल्पनेला कधी काही विचारत नाही, त्यातलीच गत.

दिल्लीची निवड चाचणी महिन्यावर आली होती. आदल्या दिवशी पोरीने अंग मोडेस्तोवर मेहनत केलेली. सकाळी पाच-दहाला दारावर टकटक झाली. बाहेर सुती कुर्त्यातली एक बाई आणि बॅग घेतलेला एक माणूस. सत्काराला न्यायला, दुकानाची फीत कापायला बोलावणारे हल्ली वेळकाळ बघत नसत.

"मुक्ताई आहेत का? आम्ही..."

"न्हाई. भायेर गेलीया. सांजच्याला या," सर्जेराव कुजबुजले. बाईचं ओळखपत्र पर्समधून निघायच्या आत दार लागलंही होतं.

दोघं पुन्हा एकदा वर येऊन गेली, दार न उघडताच मिळालेलं तेच उत्तर घेऊन खाली कट्ट्यावर बसली. सर्जेराव गॅलरीतून बघत होते. बसा म्हणावं, कट्टा सोसायटीचा आहे, असं मनाशी म्हणून ते दूध तापवायला गेले. पाच पंचावन्नला पिठाच्या डब्यात फोन थरथरला. तो कोणालाच ऐकू गेला नाही.

सव्वासहाला मुक्ताई उठली, कोणी आलं होतं का म्हणाली. सर्जेरावांनी मोठ्या ऐटीत दोघांना कसं वाटेला लावलं ते सांगितलं. तिच्या हातातला पेला ओट्यावर आपटला आणि ती अनवाणी जिना उतरत सुटली. गुडघा धरत सर्जेराव खाली पोचले, तेव्हा ती फाटकाशी उभी होती. गाडी सहाच्या ठोक्याला गेली, असं वॉचमन सांगत होता.

चौकशी कॉम्प्युटरवरच झाली. सर्जेरावांनी पडद्यापुढे हात जोडले, चूक माझी आहे, सजा मला द्या म्हणाले. पडद्यावरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. घरच्या माणसांना नीट समजावून ठेवणं हीसुद्धा खेळाडूचीच जबाबदारी, असा निकाल आला. अठ्ठाविसाव्या वर्षी दोन वर्षं बंदी. तोवर तालमीतल्या मॅटवरही पाय ठेवायचा नाही. आणि तपासणी मात्र चालूच राहणार.

पोरीने एकदा तरी ओरडावं, असं सर्जेरावांना फार वाटत होतं. ती ओरडली नाही.

"तुम्ही माझ्यासाठीच केलंत, आप्पा," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून बेल बसवून घेतली. पुढच्या सकाळी पाचला चष्मा लावून दाराशी स्टूल टाकून बसले. सव्वापाचला बेल वाजली. ते उठायच्या आत आतल्या खोलीचं दार उघडलं. मुक्ताई पूर्ण जागी होती, केससुद्धा बांधलेले.

"दूधवाला हाय," सर्जेराव दार उघडून बघत म्हणाले. "तू झोप, बाळा."

"झोप येत नाही, आप्पा."

ती त्यांच्या स्टुलाशेजारी फरशीवर बसली. सहा वाजेपर्यंत दोघं दाराकडे बघत बसून राहिली.