हवेवर आलेला आळ

त्या कारखान्यात टोप्या काढण्याचा पगार मिळायचा, आणि सव्वीस वर्षं तो अण्णा घेत होते. थट्टा नाही. लेसर डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा, आणि त्यावर काचेची खिडकी असलेली पत्र्याची टोपी. भिंग त्या तुकड्याला खेटून बसवायचं तर टोपी मध्ये येते. अण्णा ती छोट्या कटरनं गोल कापून काढायचे, तेही गप्पा मारत.

गेल्या वर्षी नव्या जातीचे डायोड आले आणि उघडलेल्या दहातले सात आठवड्याभरात मान टाकू लागले. "हवा लागते त्यांना," म्हणत मालकांनी विषय मिटवला. आता भिंग थोडं लांब बसलं तरी चालेल, पण बंद डायोडच वापरायचे आणि दोन महिन्यांनी अण्णांचं टेबल उचलायचं. अण्णांनी मान डोलावली. हवेशी कोण भांडणार?

भांडली त्यांची लेक. ती तिथेच तपासणीला होती, आणि एकदा डोकं फिरलं की कोणाच्या बापाचं ऐकायची नाही, स्वतःच्या तर नाहीच. अण्णांना मिळायचे त्याच नव्या खोक्यातले चार डायोड तिनं अण्णांच्याच कटरनं उघडले आणि आपल्या टेबलावर पेटते ठेवले. धूळ बसू नये म्हणून वर पेला पालथा घातला, पण खालून हवेला वाट ठेवली. सहा आठवडे रोज उजेड मोजला. आकडा जागचा हलेल तर शपथ!

ती तपासणीचा कागद घेऊन धावतच अण्णांकडे आली.

"अण्णा, हवेनं काही होत नाही! चारही ठणठणीत आहेत. टेबल वाचलं तुमचं!"

अण्णांचा चेहरा खुलला. "अगं, खरंच? मग मरतात तरी कशानं?"

खोकं तेच, कटर तोच, फरक फक्त हातांचा. तिची नजर त्यांच्या मनगटाकडे गेली. अंगातली वीज तारेनं जमिनीत उतरवणारा पट्टा तिच्या मनगटावर होता, तिथे नव्हता.

"पट्ट्याची तार कटरमध्ये अडकते गं," अण्णा म्हणाले. "जुन्या डायोडांना कधी काही झालं नाही. मला साधा चटकासुद्धा बसला नाही."

"आपल्याला जाणवत नाही, अण्णा. या नव्यांना तेवढं मरायला पुरतं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मालकांना हवेनंच मरतात म्हणून सांगते," ती म्हणाली.

"आणि टेबल? मग ते उचलतीलच."

अण्णांनी तिच्या हातातून कागद घेतला. 'कारण' लिहिलेल्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं: उघडणाऱ्याने पट्टा लावला नव्हता. खाली सही ठोकली.

मग ते खुर्चीतून उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. तुझे चारही जगले ना?"

तिला बसवेना.