भरलेल्या खाचा

"आ कर. अजून. जीभ मागे घे."

ठकीने तोंड उघडलं आणि बापाने गुलाबी लगद्याने भरलेला साचा तिच्या वरच्या दातांवर दाबून धरला. लगदा घट्ट होईपर्यंत तिला बोलता येणार नव्हतं. गेले काही दिवस घरात जी जुंपली होती, तीत बापाला मिळालेली ही पहिलीच संधी, आणि ती त्याने दवडली नाही.

"ऐक. संघटनेने तुझं खेळाडूचं कार्ड बंद केलं ते तुझं वाईट करायला नाही. मागच्या लढतीत तू बेशुद्ध पडलीस, तपासणीत डोक्यात डाग दिसला. जगात कुठल्याही संघटनेकडे गेलीस तरी नियम हाच. पुन्हा डोक्याला मार नको, एवढंच म्हणतायत ना ते?"

ठकीने डोळे छताकडे फिरवले. साचा निघाल्यावर ओठ पुसत म्हणाली, "झालं प्रवचन?"

लोक त्याला दातवाले म्हणत. तो दंतवैद्य नव्हता; दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या करून देणारा कारागीर होता. घराची पुढची खोली त्याच्या कामाची. तिथे फळ्यांवर गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि सगळ्यात वरची फळी एकट्या ठकीच्या जबड्यांची. जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती असा सगळाच मामला असलेल्या त्या खेळात पोरगी उतरली तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. बापाने मात्र संघटनेच्या नियमांचं पुस्तक मिळवलं आणि परीक्षेला बसायचं असल्यासारखं घोकलं. हौशी खेळाडूला डोक्यावर कोपर मारता येत नाही. पिंजऱ्याशेजारी डॉक्टर बसलेला हवा. दातांच्या कवचाशिवाय लढत सुरू होत नाही, आणि मध्येच ते पडलं तर सवड मिळताच पंच खेळ थांबवतो, कवच धुऊन परत घालायला लावतो. एवढं वाचल्यावर बापाला रात्रीची झोप लागायला लागली. देवावर नसेल एवढा त्याचा त्या पुस्तकावर भरवसा.

आता ठकी जिथे लढायला निघाली होती तिथे कुठलंच कार्ड कुणी विचारत नव्हतं. कुणा हौशी माणसाने रिकाम्या गोदामात पिंजरा उभा करून सामने लावले होते.

"पंच कोण आहे तिथे?" बापाने विचारलं.

"असेल कोणीतरी."

"असेल कोणीतरी!" आतून आईचा आवाज आला. "तुम्हीच चढवलीत डोक्यावर, आता तुम्हीच उतरवा."

ठकी खुर्चीतून उठली नाही. मांडीवरच्या रुमालाची घडी घालत राहिली. "बाबा, मला दुसरं काय येतं हो? एकदाच लढते. शेवटचं. मला उचलून बाहेर आणलं होतं ना, ते नकोय मला शेवटचं म्हणून. हरले तरी चालेल. माझ्या पायांनी चालत बाहेर यायचंय." मग जरा थांबून तिने हुकमाचं पान टाकलं. "तुम्ही कवच नाही दिलंत तर दुकानातलं घेईन. गरम पाण्यात बुडवायचं आणि चावायचं."

दुकानातलं कवच म्हणजे काय चीज असते ते बापाला ठाऊक होतं. दिलं तर पोरीला आपणच पाठवल्यासारखं, न दिलं तर उघडीवाघडी पाठवल्यासारखं. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि मग त्याला युक्ती सुचली. ठकीच्या प्लास्टरच्या पांढऱ्या जबड्यावर दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक खाचा असतात. कवच पकड घेतं ते तिथेच. त्याने पिवळं प्लास्टर कालवलं आणि त्या खाचा एकेक करून बुजवून टाकल्या. वर प्लास्टिकचा तापलेला पत्रा ओढून बसवला. कवच दिसायला देखणं झालं, पण सैल. दोन ठोसे बसले की पडणार. पडलं की पंच थांबवणार. पुन्हा पडलं की ताकीद, पुन्हा पडलं की बाद! पोरगी चिडेल, अबोला धरेल, पण चालत बाहेर येईल. बापाला स्वतःच्याच अकलेचं कौतुक वाटलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

सामना दुपारचा होता. गोदामाचा पत्रा तापला होता आणि आतली गर्दी आधीच घशाला कोरड पडेपर्यंत ओरडत होती. ठकीच्या कोपऱ्यात टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन बापच उभा राहिला. त्याने आयोजकाला विचारलं, "डॉक्टर कुठे बसतात?"

"काका, मनात वाईट आणू नका," आयोजक त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला.

पंच म्हणून आत शिरलेला माणूस मघाशी दारावर तिकिटं फाडत होता. पण त्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती, आणि बापाने त्या शिट्टीवर जीव टांगला.

ठकीने कवच दातांवर चढवलं. जिभेने आतून चाचपलं. क्षणभर तिने बापाकडे पाहिलं.

तेव्हा बोलायला हवं होतं.

"बसलंय ना नीट?" त्याने विचारलं. तिने मान हलवली आणि आत गेली.

सुरुवातीला ठकीच भारी पडत होती. मग समोरचीचा एक ठोसा जबड्यावर बसला आणि कवच तोंडातून उडून खाली पडलं. बापाने ठरवलं होतं तसंच, अगदी तसंच.

"पंच! कवच पडलंय! थांबवा!"

पंचाने खाली पाहिलं आणि बुटाच्या टोकाने कवच जाळीकडे सरकवलं. कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. शिट्टी गळ्यातच राहिली. बापाला घोकलेलं पानन्‌पान आठवत होतं, आणि त्यातली एकही ओळ त्या गोदामात लागू नव्हती. त्याने टॉवेल आत फेकला. कोपऱ्यातून टॉवेल आला की लढत संपली, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आयोजक जाळीपाशी वाकून म्हणाला, "काका, टॉवेल उचला. पाय घसरेल कुणाचा."

तेवढ्यात ठकी पडली. तिला उचलूनच बाहेर आणावं लागलं.

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा तिचा डावा हात नीट उचलला जात नव्हता आणि डावा पाय ओढत होता. शब्द यायचे, पण एकेक करून, दूरवरून चालत आल्यासारखे. पुढचे दात गेले होते. आई एका शब्दाने कुणाला बोलली नाही, आणि ते बापाला जास्त लागलं. शेजारीण विचारायला आली की दोष कुणाचा, तेव्हा आई म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?" ती पोरीच्या हट्टाबद्दल बोलत होती. बाप मात्र उठून पुढच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेऊन रडला.

जबडा भरून आल्यावर दात बसवायचं ठरलं. ते काम तो दुसऱ्या कुणाला देणार नव्हता. ठकी त्याच खुर्चीत बसली. बाप लगदा कालवत असताना ती हळूच उठली आणि चांगल्या हाताने वरच्या फळीवरचा शेवटचा जबडा खाली घेऊन परत बसली. पांढऱ्यावर पिवळं ठळक दिसत होतं. त्याने तो फोडून टाकला नव्हता. त्याला हात लावायचा धीरच झाला नव्हता. तिने नखाने एक खाच खरवडली. पिवळी भुकटी तिच्या मांडीवर पडली.

"घातल्या... घातल्याच कळलं होतं. सैल आहे."

बापाचा हात थांबला. "मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही केलेलं ना. म्हटलं... बाबांनी केलंय, म्हणजे... बरोबरच असेल."

"ठकी, मला वाटलं, ते थांबवतील. पडलं की थांबवतात. तसा नियम..."

तिने जबडा मांडीवर ठेवला आणि मान खुर्चीला टेकवली.

"या वेळी... घट्ट बसवा."

तिने आपणहून तोंड उघडलं. बापाने लगदा भरलेला साचा उचलला, पण त्याचा हात थरथरत होता. ठकीने त्याचं मनगट धरलं आणि हात स्थिर होईपर्यंत सोडलं नाही.