पप्पांची भट्टी

चौतीस वर्षं मी अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्टीवर काढली. त्यामुळे सूनबाईने, पायलने, बदलापूरच्या घरात ओव्हन आणला तेव्हा त्याला भट्टी म्हणायला मी साफ नकार दिला. "हा डबा आहे, डबा. दोन महिन्यांत भंगारात जाईल," असं तिला तोंडावर सांगितलं. माझी बायको गंगू म्हणाली, "तुमच्या जिभेला काही हाड?"

पायलला पहिली मोठी ऑर्डर आली ती पिकॅन बारची. पिकॅन म्हणजे अक्रोडाचा लांबोडका चुलतभाऊ, आणि बार म्हणजे वड्याच. ऑर्डर देणाऱ्या राजसी मॅडमच्या घरी दुसऱ्या दिवशी वाढदिवस होता. आवडल्या तर त्यांच्या ऑफिसचं दिवाळीचं कामही मिळणार होतं. पायलने लोणी-मैद्याचा थर भाजून घेतला, वर गूळ, अंडी आणि पिकॅनचं मिश्रण ओतलं आणि ट्रे आत सरकवला. तेवढ्यात आठवलं, खोके आणायचे राहिलेत.

"पप्पा, टिंग वाजलं ना, की ट्रे लगेच बाहेर काढा हां, प्लीज," म्हणून ती मार्केटला पळाली.

टिंग वाजलं. दार उघडलं तर रंग सुरेख आलेला. पण माझा हात थांबला. कारखान्यात पोलाद नरम हवं असेल तर भट्टी बंद करायची, दार लावायचं आणि माल आतच सावकाश गार होऊ द्यायचा. घाईने काढला की कडक होतो. हे तिला कुठून माहीत असणार? मी ओव्हन बंद केला, दार लावलं आणि पेपर वाचत बसलो.

तासाभराने ट्रे काढून ओट्यावर ठेवला, तेवढ्यात पायल आली. तिने सुरी टेकवली. टक् असा आवाज आला. कडा काळ्या, मध्ये फरशी.

ती खुर्चीत बसली. "पप्पा, तुम्ही बोलला होतात. ओव्हनच बेकार निघाला. परत देऊन टाकते. नकोच हे सगळं."

मला हेच तर हवं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. चौतीस वर्षांत मी कधी चूक कबूल केली नाही. एकदा अख्खा लॉट तडकला, तेव्हाही पोलादालाच शिव्या घातल्या. पण पोरीचे भरलेले डोळे बघवेनात. मला स्वतःची लाज वाटली.

"ओव्हन चांगला आहे," मी म्हणालो. "नरम व्हावं म्हणून मीच तासभर आत ठेवला. माझं चुकलं."

गंगू भांडी घासायची थांबली.

"पप्पा, ते काय लोखंड आहे का!" पायल ओरडली, आणि रात्री जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

पिकॅन संपले होते. सकाळी उल्हासनगरला गेलो. तीन सिंधी दुकानं पालथी घातली तेव्हा एक पाकीट मिळालं.

ट्रे पुन्हा आत गेला आणि पायलने पर्स उचलली.

"आता कुठे? खोके तर आणलेस काल."

"रिबन राहिली. पप्पा, टिंग वाजलं की..."

"लगेच."

ती गेली. रिबन टेबलावरच होती, कालच्या खोक्यांशेजारी. मी स्टूल ओढलं, हातमोजे चढवले आणि भट्टीसमोर बसून राहिलो.